वाऱ्याने नेलेला बर्फ परत का येत नाही?

1884 साली ग्रीनलंडच्या नैऋत्य किनाऱ्यावर, ज्युलियानेहोब नावाच्या वस्तीजवळ, वाहत आलेल्या बर्फाच्या तुकड्यावर काही सामान सापडलं. शिध्याची एक यादी, होड्यांची एक यादी, आणि खलाशी पावसापाण्यात घालतात तशी मेणकापडाची एक विजार. विजारीवर मालकाचं नाव लिहिलेलं होतं, लुई नोरॉस. हा नोरॉस 'जीनेट' या अमेरिकी जहाजावरचा खलाशी. ते जहाज जून 1881 मध्ये सैबेरियाच्या उत्तरेला बर्फात चिरडून बुडालं. नोरॉस वाचला, घरी परतला. त्याची विजार मात्र बर्फावर बसून पृथ्वीच्या माथ्यावरून पलीकडे गेली आणि तीन वर्षांनी ग्रीनलंडला लागली.

नॉर्वेतले हवामानतज्ज्ञ हेन्रिक मोन यांनी या सामानावर लेख लिहिला. फ्रिट्योफ नान्सेन नावाच्या तरुणाने तो वाचला आणि सरळ हिशेब मांडला: विजार येऊ शकते, तर जहाजही येईल. त्याने 'फ्राम' बांधलं, सप्टेंबर 1893 मध्ये ते मुद्दाम बर्फात अडकवून घेतलं, आणि ऑगस्ट 1896 मध्ये ते नॉर्वेच्या उत्तरेकडच्या स्वालबार्ड बेटांच्या बाजूने सुखरूप बाहेर आलं. ध्रुवावरचा बर्फ जागचा हलत नाही, ही समजूत त्या प्रवासाने कायमची मोडली. तो समुद्रावर तरंगणारा, काही मीटर जाडीचा थर आहे, आणि वारा ढकलेल तिकडे तो जातो.

त्याच 1896 साली स्टॉकहोममध्ये स्वांते अऱ्हेनियस यांनी वेगळीच आकडेमोड छापली. हवेतला कार्बन डायऑक्साइड वाढला तर पृथ्वी किती तापेल, असा त्यांचा प्रश्न होता. त्यांच्या कोष्टकांत विषुववृत्तापेक्षा ध्रुवांकडचे आकडे मोठे निघाले. एकाच वर्षी आर्क्टिकबद्दलची दोन उत्तरं हाती आली, एक वाऱ्याचं आणि एक वायूचं. आज सव्वाशे वर्षांनंतर सार्वजनिक चर्चेत या दोन उत्तरांची कुस्ती लावली जाते, आणि मला ते मनापासून खटकतं. ती एकमेकांविरुद्ध नाहीतच. बर्फ कुठे, कधी, किती वेगाने जाणार हे वारा ठरवतो. गेलेला बर्फ परत येणार की नाही, हे वायू ठरवतो. हा फरक न कळल्यामुळे आपण दर सप्टेंबरला चुकीच्या गोष्टीवर वाद घालतो.

सप्टेंबर अशासाठी, की उन्हाळाभर वितळून आर्क्टिकचा बर्फ तेव्हा वर्षातल्या सर्वात कमी पातळीवर येतो. उपग्रहांची सलग नोंद 1979 पासूनची आहे. तेव्हा सप्टेंबरमध्ये साधारण 70 लाख चौरस किलोमीटर बर्फ उरायचा. 2012 मध्ये तो 34 लाखांवर आला, म्हणजे जवळजवळ आपल्या देशाच्या क्षेत्रफळाइतका. लगेच काही जणांनी भाकितं केली की चार-पाच वर्षांत उन्हाळी बर्फ संपेल. पुढच्याच वर्षी, 2013 मध्ये, आकडा 50 लाखांच्या वर गेला, आणि दुसऱ्या बाजूचे लोक म्हणाले, पाहा, बर्फ परत आला, सगळं थोतांड होतं. दोन्ही बाजू एकेका वर्षाच्या सुतावरून स्वर्ग गाठत होत्या. 2012 चा उन्हाळा आणि 2013 चा उन्हाळा यांत हवेतला कार्बन डायऑक्साइड असा कितीसा बदलला? बदलले होते ते हवेचे दाब आणि वारे.

वारा हे काम कसं करतो, हे नीट समजून घेण्यासारखं आहे. पहिला प्रकार नान्सेनने दाखवलेला. अलास्का-कॅनडाच्या बाजूला बोफर्ट समुद्रात बर्फ वर्षानुवर्षं गोल फिरत राहतो आणि फिरता फिरता जाड होतो. सैबेरियाकडून निघालेला दुसरा प्रवाह ध्रुवावरून थेट ग्रीनलंड आणि स्वालबार्डच्या मधल्या सामुद्रधुनीत जातो. नान्सेनच्या जहाजावरून तिला फ्राम सामुद्रधुनी म्हणतात. त्या दारातून बाहेर पडलेला बर्फ अटलांटिकमध्ये वितळतो, संपतो. गोल फिरणाऱ्या प्रवाहाला जोर द्यायचा की या दाराकडच्या, हे वाऱ्याच्या हाती.

दुसरा प्रकार उन्हाळ्यातला. ग्रीनलंड आणि आर्क्टिक समुद्रावर हवेचा उच्च दाब ठाण मांडून बसला की वरची हवा खाली उतरते. उतरताना ती दाबली जाते आणि सायकलचा पंप मारताना नळी तापते तशी तापते. त्या उबदार थरात बाष्प जास्त मावतं, आणि ते बाष्प खालच्या बर्फाकडे रात्रंदिवस उष्णता फेकत राहतं. जुलै 2012 मध्ये असाच उच्च दाब ग्रीनलंडवर होता आणि बर्फाच्या चादरीचा सुमारे 97 टक्के पृष्ठभाग थोडाफार तरी पाझरला.

तिसरा प्रकार मुख्यतः हिवाळ्यातला. अटलांटिकवरची वादळं दमट, उबदार हवा थेट ध्रुवाकडे रेटतात. डिसेंबर 2015 च्या अखेरीस, भर काळोखात, ध्रुवाजवळचं तापमान शून्याच्या आसपास गेलं होतं. एरवी तिथे त्या दिवसांत उणे 25-30 असतं. आणि 14 ऑगस्ट 2021 रोजी ग्रीनलंडच्या अगदी माथ्यावर, 3,200 मीटरहून उंच असलेल्या संशोधन केंद्रावर, काही तास पाऊस पडला. हिम नव्हे, पाऊस. तिथे पर्जन्यमापक नव्हता, कारण तो ठेवायची गरज पडेल असं कोणाच्या मनातच आलं नव्हतं.

या वाऱ्यांच्या अभ्यासात आपल्या देशाचा वाटा किती मोठा आहे, हे फार थोड्यांना माहीत असतं. अठराव्या शतकात ग्रीनलंडमध्ये राहिलेल्या हान्स एगेडे सोबी या धर्मोपदेशकाने डायरीत लिहून ठेवलं होतं की डेन्मार्कमध्ये हिवाळा कडक असेल तर ग्रीनलंडमध्ये सौम्य असतो, आणि उलट. ही झोपाळ्यासारखी वर-खाली होणारी जोडी आकड्यांत पकडून तिला 'नॉर्थ अटलांटिक ऑसिलेशन' हे नाव दिलं गिल्बर्ट वॉकर यांनी. हे वॉकर 1904 ते 1924 अशी वीस वर्षं भारतीय हवामान खात्याचे प्रमुख होते. त्यांना शोधायचा होता मान्सून. 1899-1900 च्या भीषण दुष्काळानंतर मान्सूनचा अंदाज हा जिवाचा प्रश्न झाला होता. त्यासाठी जगभरच्या दाबाचे आणि तापमानाचे आकडे मागवून त्यांच्या कचेरीतल्या भारतीय कारकुनांनी हाताने, कागदावर, शेकडो परस्परसंबंध काढले. या झोपाळ्याची दोन टोकं, म्हणजे अटलांटिकमधल्या आइसलँड आणि अझोर्स बेटांवरचा दाब, यांचा संबंध आपल्या खात्याच्या वहीत मांडला गेला, ही मला अभिमानाची गोष्ट वाटते. पुढे 1998 मध्ये डेव्हिड थॉम्प्सन आणि जॉन वॉलेस यांनी संपूर्ण ध्रुवीय प्रदेशाला कवेत घेणाऱ्या चढउताराला 'आर्क्टिक ऑसिलेशन' म्हटलं. ते 'धन' असतं तेव्हा ध्रुवावर दाब कमी असतो आणि थंडी उत्तरेतच कोंडून राहते. 'ऋण' असतं तेव्हा ती दक्षिणेकडे सांडते.

आता या सगळ्या वादातला माझ्या मते सर्वात मोलाचा पुरावा. 1989 पासून सहा-सात वर्षं आर्क्टिक ऑसिलेशन जोरदार धन राहिलं. बोफर्टमधलं चक्र ढिलं पडलं आणि जुना, जाड बर्फ फ्राम सामुद्रधुनीतून भराभर बाहेर गेला. त्या काळात अनेक शास्त्रज्ञांना प्रामाणिकपणे वाटत होतं की बर्फ घटण्यामागे मुख्यतः वारा आहे. तो अंदाज तेव्हा चूक नव्हता. वारा दोषी असेल, तर वारा फिरला की बर्फ परत जमायला हवा, ही त्याची साधी कसोटी. 1990 च्या दशकाच्या उत्तरार्धात वारा फिरला. 2009-10 च्या हिवाळ्यात तर ऑसिलेशन विक्रमी ऋण होतं, म्हणजे बर्फ आत राखायला अगदी अनुकूल. तरी 2010 च्या उन्हाळ्याअखेर बर्फ सरासरीच्या कितीतरी खाली होता. बोफर्टच्या ज्या चक्रात तो पूर्वी जाड व्हायचा, तिथलं पाणीच आता उन्हाळ्यात इतकं तापू लागलं होतं की तिथे जाऊन तो वितळला.

मार्च 1985 मध्ये आर्क्टिक समुद्रावरच्या बर्फापैकी एक तृतीयांश बर्फ चार वर्षांहून जुना होता. मार्च 2019 मध्ये ते प्रमाण 1 टक्क्याच्या जवळ आलं. वाऱ्याने तिजोरी रिकामी केली हे खरं. पण ती भरायला पुन्हा चार-पाच थंड उन्हाळे लागतात, आणि तेच आता मिळत नाहीत. उघड्या पाण्यावर पडलेल्या उन्हापैकी 90 टक्क्यांहून अधिक समुद्रात मुरतं, आणि ताजं हिम असलेला बर्फ मात्र 80 टक्क्यांहून अधिक परत फेकतो. शिवाय तिथली जमिनीलगतची थंड, जड हवा वरच्या हवेत मिसळत नाही, त्यामुळे आलेली ऊब खालीच कोंडून राहते. म्हणून 1979 नंतर आर्क्टिक जगाच्या सरासरीच्या जवळजवळ चौपट वेगाने तापलं, असं फिनलंडच्या शास्त्रज्ञांनी 2022 मध्ये दाखवलं.

आणि इथेच अडचणीचा प्रश्न येतो, जो टाळू नये असं मला वाटतं. संगणकी प्रारूपांमध्ये हा वेग सहसा इतका निघत नाही. मग उरलेला वेग कुठून आला? 2017 मध्ये छिंगहुआ डिंग आणि सहकाऱ्यांनी हिशेब मांडला की 1979 पासून सप्टेंबरचा जो बर्फ घटला, त्यातला 30 ते 50 टक्के भाग उन्हाळी वाऱ्यांच्या नैसर्गिक चढउतारातून आला असावा. त्यातला काही धागा थेट उष्ण कटिबंधातल्या प्रशांत महासागरापर्यंत जातो. तिथलं पाणी कुठे गरम, कुठे गार, यावरून लाटांसारखा परिणाम ग्रीनलंडवरच्या दाबापर्यंत पोचतो.

हा आकडा आला आणि दोन्हीकडे चुकीच्या प्रतिक्रिया उमटल्या. तापमानवाढ न मानणारे अर्ध्या हळकुंडाने पिवळे झाले: "पाहा, अर्धा बर्फ निसर्गानेच नेला." आणि पर्यावरणाच्या बाजूने बोलणाऱ्या काहींना वाटलं की हा आकडा लोकांसमोर नको, गैरसमज होईल. मी स्वतः या दुसऱ्या बाजूचा आहे, आणि म्हणूनच माझा तिच्यावरचा राग मोठा आहे. आकडा लपवण्याने आपण दोन गोष्टी गमावतो. एक म्हणजे विश्वास. आज वेग वाढला तेव्हा सगळं खापर वायूवर फोडलं, तर उद्या वेग मंदावेल तेव्हा काय सांगणार? दुसरं म्हणजे आकड्याचा खरा अर्थ. 30 ते 50 टक्के वाऱ्याचे धरले तरी निम्मा किंवा त्याहून अधिक बर्फ माणसाने घालवला, असंच तो आकडा सांगतो. तेही केवळ चाळीस वर्षांत. याहून मोठं आरोपपत्र कोणतं हवं?

1920 ते 40 या काळातही आर्क्टिक तापलं होतं, हेही पुष्कळदा पुढे केलं जातं. तापलं होतंच. स्वालबार्डच्या नोंदींत ते लख्ख दिसतं. पण ती ऊब मुख्यतः अटलांटिकच्या बाजूची होती, वाऱ्याने आणि समुद्राने नॉर्वेच्या उत्तरेच्या बॅरेंट्स समुद्राकडे आणलेली, आणि ती नंतर ओसरली. वाऱ्याने आणलेली ऊब ओसरते. आताची ऊब सगळ्या बाजूंनी आहे आणि ओसरत नाही. जुन्या उबेचं उदाहरण देणाऱ्यांनी ते शेवटपर्यंत वाचावं, एवढंच माझं म्हणणं.

वेग मंदावण्याची वेळ तर आलेलीच आहे. 2012 चा विक्रम 2025 च्या उन्हाळ्यानंतरही मोडलेला नाही. गेल्या पंधरा-वीस वर्षांत सप्टेंबरचा बर्फ वर-खाली होत राहिला, पण आधीच्या वेगाने घसरला नाही. ही गोष्ट कबूल करायला कचरण्याचं कारण नाही. इगोर पोल्याकोव्ह आणि सहकाऱ्यांनी 2023 मध्ये तिचं एक कारण मांडलं. 2007 पासून दाबांची मांडणी अशी आहे की कॅनडाच्या बाजूला दाब जास्त आणि सैबेरियाच्या बाजूला कमी. त्यामुळे फ्राम सामुद्रधुनीतून आत येणारं अटलांटिकचं उबदार पाणी कमी झालं आणि बर्फाला थोडी उसंत मिळाली. ही मांडणी साधारण पंधरा वर्षांनी पालटत असावी, असंही त्यांचं म्हणणं आहे. म्हणजे जो वारा एका काळात बर्फ नेत होता, तोच दुसऱ्या काळात बर्फ राखतो आहे. विहीर एका चांगल्या पावसाळ्याने काठोकाठ भरते, पण परिसरातल्या बोअर दर वर्षी खोल जात असतील तर भूजलाबद्दल काय म्हणायचं, हे शेतकऱ्याला शिकवावं लागत नाही. उन्हाळ्यात उसंत मिळालेल्या याच काळात, मार्च 2025 मध्ये, हिवाळी बर्फाने तोपर्यंतच्या 47 वर्षांतला नीचांक गाठला: 143 लाख चौरस किलोमीटर.

मग मोजायचं कशाने? डर्क नॉट्झ आणि ज्युलियन स्ट्रोव्ह यांनी 2016 मध्ये एक साधं गणित मांडलं. हवेत सोडलेल्या दर टन कार्बन डायऑक्साइडमागे सप्टेंबरचा सुमारे 3 चौरस मीटर बर्फ जातो. आपल्याकडे दर माणशी वर्षाला साधारण 2 टन, म्हणजे 6 चौरस मीटर. एका लहान स्वयंपाकघराएवढा बर्फ. अमेरिकेतल्या माणसाचा वाटा त्याच्या सातपट. यातून वाऱ्याचा हिस्सा वजा केला तर स्वयंपाकघर थोडं आखूड होईल, पण बर्फ दर वर्षी जातच राहील. मला हे गणित सप्टेंबरच्या आकड्यापेक्षा जास्त प्रामाणिक वाटतं, कारण त्यात एका वर्षाच्या वाऱ्याला स्थान नाही.

आपल्याकडच्या चर्चेत उलट दिशेची घाईही दिसते. उत्तर भारतात थंडीची लाट आली की आर्क्टिक, सप्टेंबरात कुठे ढगफुटी झाली की आर्क्टिक. गोव्यात वास्को इथे राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र आहे. तिथल्या शास्त्रज्ञांनी 2021 मध्ये उन्हाळ्यातल्या आर्क्टिक बर्फाचा, विशेषतः सैबेरियाच्या उत्तरेच्या कारा समुद्रातला बर्फ घटण्याचा, आणि मान्सूनच्या अखेरच्या टप्प्यातल्या अतिवृष्टीचा संबंध मांडला. शोधनिबंधाच्या शीर्षकातच त्यांनी 'शक्य' हा शब्द घातला होता. तो शब्द बातमीतही टिकला पाहिजे. आर्क्टिक तापल्याने मध्य अक्षांशांतला झोतवारा, म्हणजे उंचावरून वाहणारा वेगवान वारा, जास्त नागमोडी होतो का, या प्रश्नावर तर गेली दहा-बारा वर्षं शास्त्रज्ञांत खडाजंगी चालू आहे आणि पहिल्या धक्क्याला जे ठाम वाटलं होतं ते आता तितकं ठाम राहिलेलं नाही. अनिश्चित गोष्ट निश्चित म्हणून सांगितली की निश्चित गोष्टीवरचाही विश्वास उडतो.

मार्च 2022 मध्ये भारताने आपलं आर्क्टिक धोरण जाहीर केलं. त्यात विज्ञान आहे तशीच वाहतूक आणि व्यापारही आहे. सैबेरियाच्या उत्तरेकडून युरोपला जाणाऱ्या जलमार्गाबद्दल आपल्याकडे उत्साहाने बोललं जातं. बर्फ घटतोय म्हणजे मार्ग मोकळा, असा तो हिशेब. नोव्हेंबर 2021 मध्ये याच मार्गावर बर्फ लवकर धरला आणि सुमारे 20 जहाजं अडकून पडली. दशकांचा कल खाली जात असतानाही एखाद्या मोसमात वारा आणि थंडी काय करतील, हे त्या जहाजांवरच्या माणसांना विचारावं. ज्याला वाऱ्याचा हिस्सा समजत नाही, त्याला व्यापारही जमणार नाही.

म्हणून या धोरणातला पैसा आणि जिद्द आधी सलग नोंदींवर लागावी, असं मला वाटतं. 2008 पासून स्वालबार्डमधल्या न्यू-ओलेसुंद इथे आपलं 'हिमाद्री' केंद्र आहे. 2014 पासून तिथल्या काँग्सफ्योर्डमध्ये पाण्याखाली आपली उपकरणं आहेत. डिसेंबर 2023 पासून आपली माणसं ध्रुवीय रात्रीतही तिथे जाऊ लागली, आणि ही फार मोठी गोष्ट आहे, कारण उबेचे घाले मुख्यतः हिवाळ्यात पडतात. पंधरा-वीस वर्षांच्या चढउतारातून वारा आणि वायू वेगळे काढायचे तर तीस-चाळीस वर्षांची अखंड वही लागते. युक्रेनवरच्या आक्रमणानंतर रशियाच्या किनाऱ्यावरच्या अनेक केंद्रांशी बाकी जगाची देवाणघेवाण तुटली, आणि आर्क्टिकचा अर्ध्याहून मोठा किनारा रशियाचा आहे. अशा वेळी ज्यांच्या नोंदी चालू आहेत त्यांनी त्या एका अंदाजपत्रकाच्या तंगीपायी थांबवल्या, तर ती पानं पुन्हा कधीच लिहिता येणार नाहीत.

नान्सेनचा प्रयोग 2019 मध्ये पुन्हा झाला. 'पोलारस्टर्न' हे जर्मन जहाज ऑक्टोबरात एका मोठ्या हिमखंडाला बांधलं गेलं. 'फ्राम'पेक्षा त्याची सुरुवात बरीच उत्तरेला झाली होती, त्यामुळे दोन प्रवासांचे दिवस मांडीला मांडी लावून बसवता येत नाहीत. पण बर्फ नान्सेनच्या काळाच्या साधारण निम्म्या जाडीचा होता. 2020 च्या हिवाळ्यात आर्क्टिक ऑसिलेशन विक्रमी धन होतं, वाऱ्याने जहाज वेगाने दाराकडे रेटलं, आणि जुलैअखेर तो हिमखंड फ्राम सामुद्रधुनीपाशी फुटला. मग जहाज पुन्हा उत्तरेला निघालं. ग्रीनलंडच्या उत्तरेचा जो भाग सर्वात जुन्या, सर्वात जाड बर्फाचा म्हणून ओळखला जातो, तिकडूनच ते गेलं, आणि वाटेत मैलोगणती मोकळं पाणी मिळत सहा दिवसांत, 19 ऑगस्टला, ध्रुवावर पोचलं. ग्रीनलंडच्या उत्तरेच्या त्या भागातला बर्फ त्या उन्हाळ्यात विक्रमी का घटला, याचा हिशेब नंतर झाला: सुमारे 80 टक्के वाऱ्याने आणि त्या वर्षीच्या हवामानाने, 20 टक्के आधीच्या दशकांत तो पातळ झाल्यामुळे. त्या 20 टक्क्यांशिवाय तो विक्रम झालाच नसता.

याच सामुद्रधुनीच्या तोंडाशी, ऑगस्ट 1896 मध्ये, 'फ्राम'वरच्या माणसांना बर्फातून वाट काढण्यासाठी सुरुंग लावावे लागले होते.